आजीची मराठी

नागपूर,
सोमवार, १६ जून १९७५

प्रिय धोंडबा,

सगळ्यात आधी हे ‘तू’ चालवून घे. गेल्या वर्षी मे महिन्यात तुमच्या मॉरिशसला होते तोवर मी तुला तीन आठवडे नेमाने ‘तुम्ही’ म्हणत होते. तू मात्र आम्ही विमानातून उतरल्यापासून सगळ्यांना ‘तू’. आमच्या पाळकसाहेबांनासुद्धा! नागपुरातल्या निम्म्या ख्रिस्ती घरांची लग्नं आणि बाप्तिस्मे ज्यांच्या हातून झाले, ज्यांच्यासमोर आमचे हेडमास्तर खुर्चीला पाठ टेकत नाहीत, त्यांच्या हातातली बॅग ओढून घेत तू म्हणालास, ‘‘तू दमलास. लॉरीत बस.’’ आणि शोभाताईंकडे वळून, ‘‘तू पण दमलास.’’ शोभाताई दवाखान्यात मेट्रन आहेत, त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वॉर्ड शांत होतो. त्या मुकाट्याने लॉरीत चढल्या. मग माझ्याकडे बघून तू म्हणालास, ‘‘मी सकाळीच आले. किती वेळ उभी राहिले!’’ आमचा तबलजी एवढा हसला की त्याच्या हातून डग्ग्याचं गाठोडं खाली पडलं.

तू गावच्या बैठकेत, त्या संध्याकाळच्या शाळेत, हिंदी शिकलास, तेव्हा माझं अक्षर तुला लागेल. एखादा शब्द अडला तर मोठ्याने वाच, कानाला कळेल. इथे जून अर्धा सरला तरी ऊन हटत नाही. दारं-खिडक्यांना लावलेल्या खसाच्या ताट्यांवर पाणी मारून हात दुखतात. शाळा उघडायला अजून आठवडा आहे, पोरं नाहीत म्हणून मिशनचं सगळं आवार भकास वाटतं. आई पलंगावर बसून तांदूळ निवडते आहे आणि मधूनमधून विचारते, ‘‘कोनाले लिहून राहिली वं?’’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण तिला कळलं आहे, हे मला कळलं आहे.

आम्ही तिकडे आलो होतो सुवार्ता सांगायला. शंभर वर्षांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथे आहेत, हे पाळकसाहेबांना कुठल्याशा परिषदेत समजलं आणि त्यांच्या मनाने घेतलं की या लोकांना येशूची गोष्ट मराठीतच ऐकू आली पाहिजे, तीही कीर्तनातून. पैसे जमवण्यात, पासपोर्ट काढण्यात दोन वर्षं गेली. आणि पहिलंच कीर्तन तुमच्या गावच्या पत्र्याच्या मांडवात! पाळकसाहेबांनी उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं होतं, मी पेटीवर होते. आख्यान संपलं तर बायका नारळ आणि कापूर घेऊन पुढे आल्या आणि आरतीला उभ्या राहिल्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पेटीकडे पाहिलं. शेवटी आम्ही आमचंच एक भजन आरतीच्या चालीवर म्हटलं, बायकांनी कापूर ओवाळला. कोणाला ओवाळला, ते मला आजही सांगता येणार नाही. पाळकसाहेब जेवताना हळूच म्हणाले, प्रभूला चालत असेल.

त्या आख्यानात घरी परतलेल्या मुलाला बघून बाप धावत जातो आणि म्हणतो, ‘आलास का, पोरा?’ तिथे तू मांडवाच्या खांबाला धरून रडलास. पाळकसाहेबांना वाटलं, हा माणूस देवाकडे वळतो आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्यासाठी खास प्रार्थना केली, मीही आमेन म्हटलं. आणि त्याच दुपारी लॉरीत तू मला सरळ सांगून टाकलंस, ‘‘तुझा येशू चांगला असेल. मी त्याच्यासाठी नाही आले. माझी आजी मेली, तेव्हापासून घरात मराठी कोणी बोलत नाही. ती दारात बसून रोज विचारायची, आलास का, पोरा. मी ते ऐकायला आले.’’

मी मास्तरीण माणूस, अडचणीच्या वेळी व्याकरण काढते. तेच काढलं. तुला समजावून सांगितलं की आजी स्वतःबद्दल ‘आले, गेले, दमले’ म्हणायची ते बाईचं बोलणं, आणि तुला ‘आलास, गेलास’ म्हणायची ते पुरुषाशी. तू दोन्ही तसंच्या तसं उचललंस. म्हणून तू स्वतः बाईसारखा बोलतोस आणि आम्हा बायकांशी पुरुषाशी बोलावं तसा. तू लॉरी हळू केलीस. मग म्हणालास, ‘‘मग आजी चुकली?’’ मी घाईने म्हटलं, नाही नाही, आजी अगदी बरोबर होत्या. ‘‘मग मी आजीसारखी बोलते,’’ तू म्हणालास आणि असा खूश झालास की पुढे शिकवायला माझं तोंडच उघडेना. तरी तू शिकलास. दोन आठवड्यांत ‘मी आलो, मी गेलो’ चांगलं म्हणायला लागलास. फक्त फार आनंद झाला की घसरायचास. तो दिवस आठवतो? आईने दिलेली भिवापुरी मिरचीची पूड मी तुमच्या मसूरडाळीत घातली, तुझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तू ओरडलास, ‘‘मेले! मी मेले!’’ त्या दिवशी मी दुरुस्त केलं नाही.

नागपूरच्या माणसाने अंबाझरीच्या तळ्यापलीकडे पाणी ते काय पाहिलेलं असतं! समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो तुझ्या लॉरीतून उतरून. बाकीची मंडळी शंख वेचत होती आणि मी नुसती उभी होते. तू विचारलंस, लग्न का नाही केलं? आमच्याकडे एवढं सरळ कोणी विचारत नाही, पाठीमागे विचारतात. मी म्हटलं, वडील गेले, धाकट्या बहिणीचं करायचं होतं, मग आई होती, राहून गेलं. तू म्हणालास, माझंही तसंच, आजी होती, राहून गेलं. एवढंच आपलं बोलणं झालं. पण परतताना सगळे मागे बसले आणि तुझ्या शेजारची जागा मला आपोआप सोडली गेली. त्या सगळ्या रस्त्याला मी ऊस बघत होते असं मी शोभाताईंना सांगितलं. ऊस मी बघितलाच नाही.

परत आल्यावर मला वाटलं होतं, चार दिवस जातील आणि मन जागेवर येईल. पण तू मोठी पंचाईत करून ठेवलीस. इथल्या बायका तुझ्यासारख्या बोलतात, धोंडबा! सदर भागातल्या बाजारात भाजीवाली म्हणते, ‘मी थकले बाई’, वर्गातली पोर म्हणते, ‘मी विसरले’, आणि मी मान वळवून बघते. कानाला खरंच एक क्षण वाटतं. मग घरी येऊन मी स्वतःशीच बोलते, ‘मी आले,’ आणि तुझ्याइतकं चांगलं मला ते म्हणता येत नाही. फेब्रुवारीत तुमच्या बेटावर वादळ झालं, घरं उडाली, हे मी वर्तमानपत्रात वाचलं, पाच ओळींची बातमी होती. कोणाला विचारणार? पाळकसाहेबांनी रविवारी ‘मॉरिशसच्या सर्व बांधवांसाठी’ प्रार्थना केली आणि मी त्या सर्व बांधवांतून एकाचंच नाव घेतलं. देवाला हा पक्षपात चालतो की नाही ठाऊक नाही. नाताळात तुला मंडळीचं कार्ड आलं असेल, त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. त्या सगळ्यांत माझी एक सही, याचा मला राग आला होता. पण मी वेगळं पत्र लिहिलं नाही, कारण मे महिन्यात मंडळी पुन्हा तिकडे जाणार हे ठरलं होतं, पेटीवर मीच असणार होते, आणि जे सांगायचं ते तोंडाने सांगेन असा माझा बेत होता.

आता आपला निरोपाचा दिवस. विमानतळावर तू सगळ्यांचं सामान उतरवलंस आणि लांब जाऊन उभा राहिलास. मी जवळ आले, हात जोडले आणि म्हटलं, ‘‘येते.’’ तू एकदम विचारलंस, ‘‘कधी येतोस?’’ सगळी शिकवणी विसरून! त्यावर तबलजी हसला, पाळकसाहेबही हसले, शोभाताई म्हणाल्या, अहो ‘येतेस’ म्हणा. त्या हसण्यात आम्ही फाटकाच्या आत गेलो. तू काचेपलीकडे हात वर करून बोटांनी पुन्हा विचारत होतास, कधी? मी मान हलवली. काय समजलास कोण जाणे.

मग एप्रिलमध्ये आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. माझं जाणं रद्द झालं. पेटी दुसऱ्या कोणी नेली, मंडळी माझ्यावाचून गेली आणि परवा परत आली. काल उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात चहा होता, तिकडच्या गमती निघाल्या. तबलजीने सांगितलं, आपला लॉरीवाला धोंडबा याही खेपेला हजर होता, नवा सदरा घालून, लॉरी धुऊन. एकेकाला बाजूला सारून मागे बघत होता आणि विचारत होता, ‘‘ती कुठे आहे? ती येते म्हणाली होती.’’ मग यांनी त्याला समजावलं की अहो, आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ते अशुभ, ‘येते’ म्हणतात. नुसती बोलायची पद्धत. सगळा व्हरांडा हसला. मीही कप तोंडाला लावून हसल्यासारखं केलं. शोभाताई हसल्या नाहीत. फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या आणि म्हणाल्या, तो काय बोलला ते यांनी सांगितलं नाही. तो म्हणाला, ‘बरं. आजी कधी कुठे गेलीच नाही. म्हणून मला ठाऊक नाही.’ सामान पोचवून लॉरी घेऊन निघून गेला, कीर्तनाला एकदाही बसला नाही.

म्हणून हे पत्र. मंडळींनी तुला सांगितलं ते अगदी खरं आहे. सगळा मुलूख असंच म्हणतो, आणि माझ्याही तोंडातून तो शब्द सवयीनेच गेला. पण तू ‘कधी’ म्हणालास तेव्हा मी मनात पुढचा मे महिना धरला होता. ती मान मी त्यासाठी हलवली होती. काल घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तू गणपती पुजतोस हेही. मी येशूला मानते, मरेपर्यंत मानीन, आणि एका घरात दोघांची जागा होईल असं मला वाटतं. पाळकसाहेबांना काय वाटेल ते वाटो, मंडळीने नाव टाकलं तर टाको. आई सगळं ऐकून म्हणाली, ‘‘तू मले सांगून राहिली का विचारून राहिली?’’ मी म्हटलं, सांगते आहे. तर म्हणाली, ‘‘मंग माह्या पायाचं निमित्त काहून करतं? मी काठीनं चालून राहिली. चारुशीलाकडे राहीन.’’ चारुशीला माझी बहीण, सदरमध्येच असते. धोंडबा, तुला नको असेल तर तसं कळव, मी रडेन आणि शाळेत जाईन. हवं असेल तर फक्त महिना लिही. आत्ता भर दुपार आहे, मी माझ्या घरात पाटावर बसले आहे, पायात चप्पल नाही, कुठे निघालेली नाही, कोणाचा निरोप घेत नाही. आणि तरी म्हणते आहे, येते.

तुझीच,
प्रेमलता