माहेरच्या मातीची कॅमेलिया

ग्रँड बे, अलाबामा
९ फेब्रुवारी १९५८

चि. हॉलिसला थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझी लेक कळवते, तिची आई, आपली नेटी, गेल्यापासून तू दर रविवारी चर्च सुटलं की तिच्या कबरीशी बसतोस आणि घरी जेवण निवत पडतं. बस बाबा. ती असताना एवढा बसला असतास, तर तिनंच उठवून लाकडं फोडायला धाडला असता.

तुला तिच्या उशाशी माझ्या अंगणातली लाल कॅमेलिया हवी होती ना? शेजारच्या डेल्बर्टच्या ट्रकमधून पाठवलीय. आई म्हणायची, रोप माहेरची माती घेऊन गेलं तरच सासरी रुजतं. म्हणून चांगला घमेलंभर गोळा ओल्या गोणपाटात बांधलाय. आणि दिलेल्या रोपाला धन्यवाद म्हणायचं नाही, मरतं ते. तोंड आवर.

लोभ ठेव, आभार ठेवू नकोस.
तुझी एउलाताई

सँडी रिज
१३ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कॅमेलिया रुजली. आभार मानले नाहीत. डेल्बर्टचेही मानले नाहीत, तो फुरंगटून गेला.

पण बुंध्याशी भुसभुशीत मातीचा ढीग आलाय. घूस असेल म्हणून पायानं सारला. पँटीत मुंग्या कधी चढल्या कळलं नाही, आणि मग कुणी शिट्टी फुंकावी तशा सगळ्या एकदम डसल्या. पाद्रीबाईंच्या देखत पँट काढावी लागली गं. पायभर पांढऱ्या पुळ्या आल्यात. इकडं असल्या मुंग्या कुणी पाहिलेल्या नाहीत.

मे महिन्यात डेकोरेशनचा रविवार येतोय, सगळं गाव कबरी सजवायला जमेल. कबरीवरचं गवत काडी न ठेवता खरवडायचं, माती उंच चढवायची. नेटीचं पहिलंच वर्ष. हे काम मला माझ्या हातानं करायचंय. दुसरं आता तिच्यासाठी करण्यासारखं उरलंय काय? काही उपाय असेल तर लवकर कळव.

कृपा असावी.
तुझा हॉलिस

ग्रँड बे
२० एप्रिल

चि. हॉलिसला आशीर्वाद.

पाद्रीबाईंचं वाचून पोट धरून हसले. मग पुढचं वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

त्या आगमुंग्या. आमच्या बंदरात कुठल्याशा जहाजातून उतरल्या म्हणतात. आम्ही पाय टाकण्याआधी बघायला शिकलो, झालं. तुझ्याकडं त्या माझ्या मातीतून आल्या रे. गोळा बांधताना एक मुंगी दिसली नाही मला.

उकळतं पाणी ओतून बघ. पण खोटी आशा लावत नाही. आम्ही इथं वर्षानुवर्षं ओततोय. हिवाळ्यात सरकारनं विमानातून औषध टाकलं. माझ्या कोंबड्या मेल्या, मुंग्या आहेत.

राग आला असेल तर लिही. मुका राहू नकोस.
ताई

सँडी रिज
१२ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पाणी ओतलं. कॅमेलिया मेली. मुंग्या सरकून शेजारी ऑर्व्हिलकाकांच्या कबरीवर गेल्या. तिथं रॉकेल ओतलं, तर ढीग जागोजाग निघाले. नेटीकडंही परत आल्या, आधीपेक्षा उंच ढीग घेऊन.

काल डेकोरेशन झालं. त्या भागात फावडं घेऊन जायला कुणी धजेना. फुलं कुंपणाला अडकवली, जेवणाची टेबलं रस्त्यापलीकडं मांडली. ऑर्व्हिलकाकांच्या मुलानं विचारलं, ही पीडा आली कुठून? देव जाणे, म्हणालो. तुझं नाव घेतलं नाही.

नेटीची मावसबहीण लांबून आली होती. कुंपणाशी उभी राहून म्हणाली, हॉलिस, सगळ्यांत नेटीचीच माती काय सुंदर चढवलीस रे. मी हो म्हणालो.

रागावलो नाही. येऊन जाशील का?
तुझा हॉलिस

ग्रँड बे
१८ मे

चि. हॉलिसला आशीर्वाद.

पत्र आलं त्याच दिवशी बॅग भरली. मग बूट झटकले, बॅग झटकली, पांघरायची गोधडी झटकली. पुन्हा झटकली. दारापर्यंत गेले आणि परत आले. काय चिकटून येईल माझ्याबरोबर, मला दिसणार थोडंच?

तू कुंपणाबाहेर बस. मीही इथंच बसते.

लोभ आता लांबूनच कर.
ताई