दाराजवळची जागा

आई, दुपारी निवांत वेळ मिळाला म्हणून तुला लिहायला बसले, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. वेळ नाही. टेबलावर पदवीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे आणि वरच्या दोन-तीन वाचूनच माझं डोकं तापलं आहे. तरीही तो बाजूला सारून मी खिडकीशी बसले आहे, कारण तुझ्या नातीची सायकलरिक्षा अजून आलेली नाही. तू तिला पाहिलं नाहीस. ती दुसरीत आहे. आज तिच्या वर्गात कूलर बसला, आणि तो ज्या जागी बसवला आहे ती जागा सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तिची शाळा तू शिकवायचीस त्या शाळेसारखी नाही. स्लॅबची इमारत आहे, फी आहे, नाव आहे. इतर शाळा नापसंत करून मी ती निवडली. निवडताना मी शिक्षकांच्या पदव्या विचारल्या, ग्रंथालय पाहिलं, शुद्धलेखन तपासलं. वर्गात किती मुली बसवता, हे मात्र विचारलं नाही. पदव्या पाहिल्यावर तो प्रश्न मला गौण वाटला. आता दोघींच्या बाकावर चौघी बसतात. बाकांमधल्या वाटेत दप्तरांचा खच असतो, आणि शिक्षिकेला मागच्या भिंतीपर्यंत जायचं तर पाय कुठं टाकायचा हे आधी पाहावं लागतं. या वर्गाला दोन दारं होती. पुढचं व्हरांड्यात उघडणारं, मागचं पटांगणात. मार्च सरता सरता एका मुलीला वर्गातच भोवळ आली, पालकांची सभा बोलावली गेली, आणि कूलर घ्यायचं एकमतानं ठरलं. खिडक्यांना गज आहेत. ते कापायची परवानगी संस्था देत नाही. मग कुणीतरी सुचवलं, मागच्या दारात बसवा. चौकटीत नेमका बसेल, वरची फट प्लायवूड ठोकून बंद करता येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. जणू दार ही भिंतीत चुकून राहिलेली एक फट आहे.

मी उठले. एवढ्या मुली आणि एकच दार, काही झालं तर काय, हे मी माझ्या मते अत्यंत मुद्देसूद मांडलं. इतवारीत कापडाचं दुकान असलेले एक पालक मागून म्हणाले, "मॅडम, इथं पोट्टे भाजून राहिले आणि तुम्ही दाराचं घेऊन बसल्या!"

"आग लागली तर?" मी विचारलं.

"आग तर लागूनच राहिली ना मॅडम," त्यांनी बोट छताकडे, म्हणजे उन्हाकडे, दाखवलं. "वरतून!"

सभा हसली. मुख्याध्यापिकाही हसल्या. मला त्या माणसाचा राग आला, पण त्याचीही मुलगी त्याच वर्गात आहे, आणि भोवळ आली होती ती तिलाच. मी खाली बसले. वर्गातली कोंडी आपण मोडत नाही आहोत, तिला थंड करतो आहोत, हे वाक्य मला घरी आल्यावर सुचलं.

रिक्षा अजून दिसत नाही. लिहीत राहते.

तुझी शाळा कवेलूंच्या छपराची होती. धम्मदीक्षेनंतरच्या त्या वर्षांत आपल्या वस्तीत पोर घरी ठेवणारं घर उरलं नव्हतं. कॉर्पोरेशनच्या शाळेत खोल्या तेवढ्याच राहिल्या आणि पोरं मात्र दर वर्षी वाढत गेली. तुझ्या पहिलीच्या वर्गात बाक नव्हते. तरटपट्ट्यांवर पोरं अशी दाटून बसायची की एकानं पाटी पुसली की दुसऱ्याला कोपर लागायचं. त्या खोलीला दारच एक होतं. पहिल्या दिवशी तू दाराजवळच्या जागा सगळ्यांत लहानखुऱ्या, सगळ्यांत भेदरट पोरांना दिल्यास आणि मला दारापासून सगळ्यांत दूरच्या कोपऱ्यात बसवलंस. मी 'आई' अशी हाक मारली, तेव्हा भर वर्गात म्हणालीस, "इथं मी बाई आहे. तुझी आई घरी आहे, स्वयंपाक करते आहे." पोरं हसली. शाळा सुटल्यावर मी तुझ्याआधी धावत घरी गेले आणि स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. चूल थंड होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

वानरांची टोळी रोजचीच होती. पलीकडच्या चिंचेवरून ती छपरावर उड्या घेई, कवेलू सरकत, पाट्यांवर माती पडे, आणि तू न पाहता म्हणायचीस, "पुसा आणि पुढं लिहा." तो दिवस मला अजून समोर दिसतो. तू फळ्यापाशी आहेस. वर धप्पकन आवाज होतो, कसलंसं लाकूड मोडतं, आणि कवेलूंचा ढीग खोलीच्या मध्यावर कोसळतो. एका मुलाच्या कपाळातून रक्त येतं. कुणीतरी किंचाळतं, "छत पडलं!" अख्खा वर्ग एकदम उठतो. पण पोरं पोचायच्या आत तू दारात उभी आहेस, एक हात चौकटीला, दुसरा आडवा. "धावायचं नाही. जवळच्यानं आधी." तू एकेकाच्या खांद्याला हात लावून बाहेर सोडते आहेस. मी तरटांवरून, पोरांच्या पायांवरून, धुळीतून वाट काढत तुझ्यापर्यंत येते. तुझी नजर माझ्यावर पडली की मी सुटले, एवढंच मला कळतं आहे. नजर पडते. तू माझा दंड धरतेस आणि मला ओढून बाजूला भिंतीशी उभी करतेस. "थांब. सगळे गेल्यावर." मी वर बघते. छपराला पडलेल्या भगदाडातून एक वानरीण खाली वाकून पाहते आहे. तिच्या पोटाशी पिल्लू आहे.

संध्याकाळी माझ्या दंडावर तुझ्या बोटांचे वळ उठले होते. तू तेल गरम करून त्यात हळद टाकलीस. "काहून रडते वं? लय दुखून राहिलं का?" शाळेतली प्रमाण भाषा तू चपलांबरोबर दाराशी काढून ठेवायचीस. मी विचारलं, "मले पहिले काहून नाही जाऊ दिलं?" तू परातीत पीठ घेतलंस आणि भाकरी थापायला लागलीस. त्या रात्री तू जेवली नाहीस. उत्तरही दिलं नाहीस.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं, पण ते मला नव्हतं. सकाळी वर्गाबाहेर आईबापांची गर्दी होती. मिलमध्ये कामाला असलेला एक बाप मुलीचा हात धरून पुढं आला. "बाई, आमी पोट्टे शिकाले धाडतो का मराले? आजपासून माही पोरगी घरीच राहीन."

तू शांतपणे म्हणालीस, "तुमची मुलगी पहिल्या झटक्यात बाहेर आली. माझी सगळ्यांत शेवटी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे?"

"ही."

तू माझी बाही वर केलीस. त्यानं ते वळ पाहिले आणि मुलीचा हात सोडला. ती आत गेली. तिच्यामागून बाकीचीही गेली. एकाही पोराला त्या दिवशी कुणी घरी परत नेलं नाही. मी तुझा पुरावा होते, आई. त्या पुराव्यावर तुझा वर्ग भरलेला राहिला, आणि छपरावर पावसाळ्यापर्यंत ताडपत्री राहिली.

मी आता तुझ्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि तुझ्या जागी उभं राहून विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. त्या दिवशी मी आधी निघाले असते तर वस्तीतली निम्मी पोरं शाळेतून गेली असती. त्यातली काही आज वकील आहेत, इंजिनिअर आहेत, रस्त्यात भेटली की तुझं नाव काढून हात जोडतात. हे मला मान्य आहे. पण उरलेलं छप्परही खाली आलं असतं तर? हा हिशेब तू दारात उभी असताना केला होतास का? केला असशील तर मी तुला क्षमा करू शकत नाही, आणि केला नसशील तर तुझ्यावर विसंबू शकत नाही. यावर मला माझ्या नवऱ्यानं एकदा समजावलं की तू मला सोडलं नव्हतंस, शेवटपर्यंत धरून ठेवलं होतंस. मांडणी सुरेख आहे. परीक्षक म्हणून मी तिला गुण देणार नाही.

आता मी काय केलं ते ऐक. सभा हरल्यावर मी दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेला एकटीला गाठलं. मुलगी तरुण आहे, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. मला पाहून उभीच राहिली. मी म्हटलं, माझ्या मुलीला पुढच्या दाराजवळ बसवा.

"मॅडम, ती जागा तर सगळ्यांनाच पाहिजे असते ना."

"सगळ्यांनी मागितलेली नाही. मी मागते आहे."

तिनं लगेच माझ्यासोबत वर्गात येऊन एका किडकिडीत, लाल रिबिनी बांधलेल्या मुलीला उठवलं. त्या मुलीनं दप्तर उराशी धरलं आणि ती बाकांमधून वाट काढत मागच्या भिंतीकडे गेली. मी तिला जाताना पाहिलं. मला वाईट वाटलं, पण झोप त्या रात्री चांगली लागली.

रिक्षा आली. मी उठून गेले होते. परत येऊन लिहिते आहे.

पोरींच्या ढिगातून ती उडी मारून उतरली आणि फाटकातूनच ओरडली, "आई, कूलरसमोर आ केलं ना, तर आवाज असा थरथरते! आम्ही सगळ्यांनी केला."

"सगळ्यांनी म्हणजे? तू दाराजवळ बसली होतीस ना?"

"नाही. तिथं गरम होऊन राहिलं होतं. मी बाईंना विचारून मागं गेली. ती लाल रिबिनवाली आहे ना, तिनं मला सरकून जागा दिली. एकदम कूलरच्या बाजूला!"

एरवी मी तिची भाषा दुरुस्त केली असती. मी म्हटलं, "तिथून बाहेर यायचं झालं तर? मागचं दार?"

"मागचं दार कुठं आहे? तिथं कूलर आहे ना," ती म्हणाली, माझ्याच अडाणीपणाची कीव केल्यासारखी.

मी तिचा दंड धरला होता हे मला कळलं ते ती "आई, दुखते" म्हणाली तेव्हा. मी सोडला. ती आत पाणी प्यायला गेली, आणि तिचा थरथरता आवाज करून दाखवणं अजून चालू आहे. मला इथपर्यंत ऐकू येतं.

तुला पाठवायचा पत्ता नाही, म्हणून हा कागद उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली जाईल. उद्या मी पुन्हा शाळेत जाणार आहे. कूलर हलवा म्हणून सगळ्यांशी भांडायला जाणार की आणखी काही मागायला, हे अजून ठरवलेलं नाही, असं मी इथं लिहिलं होतं आणि ते खोडलं. तुझ्या हाताखाली शिकल्यापासून माझ्या कागदावर खाडाखोड नसते, पण खोटं वाक्य तसंच ठेवणं मला जमत नाही. ठरलेलं आहे. भांडणार आहे, त्या कापडवाल्याशीसुद्धा, दार मोकळं होईपर्यंत. पण आधी लेकीची दाराजवळची जागा परत मागेन.