वेल्डिंग नाही, भोक नाही

१४ ऑगस्ट, गुरु.
इंदापूर रोडची डिस्टिलरी. जुन्या बीमवरून वाफेची नवी लाइन न्यायची. भिंतीपलीकडे स्पिरिटच्या टाक्या, म्हणून प्लांटची अट: ठिणगी नको, भोक नको. सगळे आधार क्लॅम्पने. डिझाइन माझं, पहिलंच. साइट विनयकडे.
बीमची पट्टी कडेला निमुळती. साधा क्लॅम्प तिथे घसरतो, उताराचे वॉशर लागतात. पुण्याहून यायचेत.
फिटर बापूराव क्लॅम्प हातात घेऊन: "मॅडम, चिमट्यानं भाकरी उचलत्यात, पाइप न्हाय." सगळे हसले. विनयही. हसू दे.

१६ ऑगस्ट, शनि.
वॉशर नाहीत. विनयला सांगितलं, तोवर पाइप चढवायचा नाही. "बरं." मग म्हणाला, उद्या डाळजला आमच्या घरी जाऊन ये, आई बोलावतेय. आपल्या लग्नाची तारीख धरायच्या आधी तिला तुझ्याशी निवांत बोलायचंय. "साइट मी बघतो."
साडी नेसायची का, ते विचारायचं राहिलं.

१७ ऑगस्ट, रवि.
डाळज. साडीच नेसले. विनयच्या आईंनी पुरणपोळी केली होती. "श्रावण हाय म्हणून, न्हायतर धरणातली मासळी खाऊ घातली असती."
कामाचं विचारलं. मी वाटीची कड दोन बोटांत धरून दाखवली, क्लॅम्प असा धरतो. त्या म्हणाल्या, "म्हंजी सगळा जीव त्या एका बोल्टवर." बरोबर. मला इतकं सोपं सांगता आलं नसतं.
निघताना हळदीकुंकू लावलं, हातात नारळ दिला. बरं वाटलं. खूप.

१८ ऑगस्ट, सोम.
पाइप चढलेला.
वॉशर आज आले, खोकं अजून बंद. मग हा कशावर उभा?
क्लॅम्पच्या बुडाशी ताजा करडा रंग. किल्लीने खरवडला. वेल्डिंगचा टाका. पुढच्यावरही. सगळ्यांवर.
बापूराव खाली बघत: "साहेबांनीच सांगितलं. मी म्हणलं, मॅडमला इचारू. तर म्हणले, मॅडम आज डाळजला हायत."
टाक्या भरलेल्या आहेत. कालही होत्या. ठिणग्या उडत होत्या तेव्हा मी दुसरी पोळी नको म्हणत होते.

१९ ऑगस्ट, मंगळ.
विनय: "झालं का काही? नाही ना? काल प्लांटचे चीफ बघायला येणार होते. पाइप जमिनीवर दिसला असता तर तुझंच डिझाइन फसलं म्हणाले असते. तुझ्यासाठी केलं."
माझ्यासाठी. मला गावाला पाठवून.
विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे ते वर वेल्डिंग करणाऱ्या माणसांना सांगितलं होतंस?
म्हटलं, उद्या सकाळी चीफना तू सांग. नाहीतर मी सांगेन.
"नोकरी जाईल माझी."
जाईल.

२० ऑगस्ट, बुध.
त्याने सांगितलं नाही. मी सांगितलं.
चीफनी एकच विचारलं, "तुमच्याच माणसांनी?" हो म्हटलं. काम बंद. टाक्या रिकाम्या झाल्याशिवाय टाके काढता येणार नाहीत, मग बीम तपासायचे. विनयला गेटच्या आत घ्यायचं नाही, असा निरोप आमच्या बारामती ऑफिसला गेला.
चहाला बापूराव दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. माझं डिझाइन अजून कोणी वापरूनच पाहिलेलं नाही, हे कुणाला सांगू?

२१ ऑगस्ट, गुरु.
विनयचा फोन. आधी ओरडला. मग, आईला काय सांगू, आपल्याच माणसाला कोणी असं…
मी एवढंच विचारलं: रविवारी आईंनी खरंच बोलावलं होतं, की मी साइटवर नको होते?
"दोन्ही."
खोटं बोलला असता तर मी फोन ठेवला असता. ठेवता आला नाही.