कोसा उतरेपर्यंत

२ ऑक्टोबर
तळ्याकडच्या धानाच्या बांधीत तुडतुडा आला. मीच आधी पाहिला. धानाचा बुंधा हलवला की चिलटांसारखे उडून डोळ्यांत जातात. ह्यांना सांगितलं तर ताटावरून उठून गेले. मधोमध धान पिवळं पडलंय, परातीएवढं. मागच्या वर्षी शेजारच्यांनी फवारलं नाही, तर त्यांची अख्खी बांधी वाळून बसली. लोंब्यांत दाणा नाही, नुसता कोंडा. तणसाला ढोरांनीही तोंड लावलं नाही. आम्ही फवारलं होतं, आमचं धान भरलं. औषधाचे उपकार आहेत, नाही कसं म्हणू?
पण धुऱ्यावर, शेताच्या कडेनं, ऐनाची झाडं आहेत. आणि झाडांवर शेजारच्या कौसल्याच्या कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या अळ्या. चांगल्या बोटाएवढ्या झाल्यात.

३ ऑक्टो.
कौसल्या दारात बसून होती. तिची बोडी, छोटं तळंच ते, आमच्या शेताला लागूनच, खालच्या अंगाला. नवरा देवाजी बोडीत मासे पाळतो, ही आमच्या ऐनांवर कोसा घेते. सासूबाईंच्या वेळेपासून असंच. झाडांचं भाडं नाही. कोसा उतरला की मासोळीचा एक गंज, चांगलं मोठं पातेलं, भरून आमच्या घरी येतो, एवढंच.
म्हणाली, "वयनी, आता फवारसान तं माह्या अळ्या झाडाखाली पडतीन. थोडे रोज थांबा. त्याइनं कोसा बांधला का मंग काय बी मारा."
हे म्हणाले, "तवरी माह्या धानानं काय करावं? तुह्या अळ्याइले ओवाळत बसावं काय?"
मी आंधळगावच्या विणकराची लेक. दादाच्या मागावर हाच कोसा चढतो. धानही माझंच, कोसाही माझाच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
शेवटी हे थांबायला तयार झाले, पण माझ्याशी धड बोलत नाहीत.

६ ऑक्टो.
परातीएवढं पिवळं आता खाटेएवढं झालं. ह्यांनी बांध फोडून बांधीतलं पाणी काढून टाकलं. पाणी नसलं की तुडतुडा दबतो म्हणतात. दबला नाही.
कौसल्याच्या घरी अळ्या झाडावर असेपर्यंत फोडणी नाही, मासोळी नाही. तिच्या सासरचा नेम. देवाजी वैतागलाय. "मासोळ्या पोसतो मी, अन् खातो घुगऱ्या," म्हणतो. आज पहिल्यांदा हेही हसले.

८ ऑक्टो.
सकाळी दवात बांधीवरून फिरले. पूर्वी या दिवसांत कोळ्यांची जाळी धानावर चमकायची, पदराला चिकटायची. या वर्षी एकही नाही. कोळी तुडतुडे खातो हे कोणाला माहीत नाही? फवारतो म्हणून कोळी राहिले नाहीत, कोळी राहिले नाहीत म्हणून फवारतो. ह्यांना म्हटलं. म्हणाले, "मंग का करू? कोळी इकत आणू?"


९ ऑक्टो.
हे कोंढ्याहून औषध घेऊन आले. दोन बाटल्या, एकत्र करून मारायच्या. दुकानदार म्हणाला, आता एकानं नाही मरत. बाटल्या कोठ्यात वर ठेवल्यात, तरी येता-जाता माझी नजर तिकडेच.
बऱ्याच अळ्यांनी कोसा बांधायला घेतलाय. पानं ओढून आत गुरफटतात. मी झाडाखाली उभी राहून मनात त्यांना म्हणते, बाई, आवरा लवकर.

१२ ऑक्टो.
फवारलं एकदाचं. मागे राहिलेल्या अळ्या कौसल्यानं फांद्यांसकट तोडून काल जंगलाच्या कडेच्या ऐनावर नेऊन चढवल्या. म्हणाली, "मारा आता." वारा नव्हता. ह्यांनी तोंडाला दुपट्टा बांधला, पाठीवर पंप घेतला. मी धुऱ्यावर जुनी साडी आडवी धरून उभी, झाडांवर उडू नये म्हणून. रस्त्यानं जाणाऱ्या बाया हसल्या. हसू देत. एकाही कोशावर थेंब जाऊ दिला नाही.

१३ ऑक्टो.
बांधीत चिखलावर तुडतुड्यांचा थर. पिवळेपणा पुढे सरकला नाही. धान वाचलं. मी किती दिवसांनी पोटभर जेवले.

१४ ऑक्टो.
दुपारी तळ्याचं पाणी सुटलं, वरच्या बांध्या भरून आमच्यात आलं. देवाजी फावडं घेऊन आमचा बांध फोडत होता. इकडे तशीच रीत आहे, वरच्याची बांधी भरली की खालच्यानं बांध फोडून पाणी आपल्या बोडीत घ्यायचं, विचारायचं नाही. त्यानं लांबून हात केला. मीही केला.

१५ ऑक्टो.

दुपारी कौसल्या आली, झाकलेला गंज घेऊन. कोसा उतरला, नेम सुटला. चेहरा कसा फुलला होता तिचा. म्हणाली, "आज जाळं टाकाचं कामच नाही पडलं, वयनी. मासोळ्या काठाले येऊन राहिल्या होत्या, हातानंच भेटल्या."
मला आधी चांगलंच वाटलं. मग कालचा देवाजीचा हात आठवला. फावडं आठवलं.
"कोणी खाल्लं?"
"हे बसले ना जेवाले. कवाचे वाट पाहून राहिले होते."
पळाले. ती माझ्या मागे, काहून पळताय विचारत. देवाजीचं ताट चाटूनपुसून झालेलं, तो खाटेवर. कपाळाला घाम, पोट धरलेलं. मग ओकारी. ह्यांनी त्याला गाडीवर मध्ये बसवून, मागे एका शेजाऱ्याला धरायला घेऊन दवाखान्यात नेलं. निघताना रिकामी बाटली खिशात घातली, डॉक्टरांना दाखवायला. एवढं तरी सुचलं.
कौसल्या दारात बसलेली. तिनं खाल्लं नव्हतं, नवऱ्याला आधी वाढलं होतं म्हणून. हाच काय तो देव.

१६ ऑक्टो.
बोडी पांढरी झालीय. मासे उताणे. ह्यांनी आणि कौसल्यानं मिळून खड्डा करून पुरले. मी काठी घेऊन बगळे हाकलत होते. बेडूकही मेलेत. काल रात्री ओरडले नव्हते, तेव्हा लक्षात आलं नाही.
आम्ही सगळे झाडांचंच बघत बसलो, पाण्याचं कोणी पाहिलं नाही. पाणी कुठं जातं हे इथं जन्मलेल्या माणसाला सांगावं लागतं का? कौसल्या भांडली असती तर बरं झालं असतं. ती खड्ड्यावर माती ओढत राहिली.

१९ ऑक्टो.
देवाजी घरी आला. डॉक्टर म्हणतात, मासोळीनंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. उभा राहिला की पाय कापतात. मला बघून म्हणाला, "तुमी कायले रडता, वयनी? बांध तं मीच फोडला." यानं मला जास्तच रडू आलं.
हे रात्री म्हणाले, "सांगाले पायजे होतं." कोणी, ते नाही म्हणाले.

२७ ऑक्टो.
दादा आंधळगावहून कोसा न्यायला आला. एकेक कोसा कानाशी हलवून पाहिला. आतला जीव वाजला की खूश. कौसल्याला म्हणाला, "ताई, असा माल दोन-चार सालात नाही पाह्यला." कौसल्यानं माल दिला, चहा केला. ह्यांनी विचारलं, "पुढच्या साली ठेवसान ना अळ्या?" ती म्हणाली, "पाहू."
देवाजी बोडीच्या काठावर बसून होता. पाण्यात बघत.

१२ नोव्हेंबर
नवा तांदूळ आला. त्याच बांधीचा. दाणा टपोरा, वास छान. आम्ही खातोय, आम्हाला काही झालं नाही. रोज पहिला घास घेताना मात्र थांबते.
कौसल्याचा गंज अजून माझ्याकडे आहे. त्यातलं त्याच दिवशी पुरलं. गंज राखेनं घासला, पुन्हा घासला, उन्हात ठेवला. कोणाचं भांडं रिकामं परत करू नये. दर वर्षी त्यात नवा तांदूळच भरून देते. आज भरला, परत डब्यात ओतला. पुन्हा भरला.
आत्ता ती दारात आली. किती दिवसांनी. "वयनी, माहा गंज हाय ना तुमच्याकडे?"
"हाव, आणते," म्हटलं.
ती ओट्यावर बसलीय. मी इथं आत, डब्याजवळ.