मंद दिव्यांची हॉटेलं

१२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरणं हा त्याचा हक्क आहे, आणि मी जन्मभर कुरकुरणाऱ्यांचीच बाजू घेतली.

सगळ्यांनी एकत्र जेवायला भेटावं म्हणून राजधानीतल्या तीन हॉटेलांची नावं पाठवलीस. तिन्ही नामंजूर! पहिल्याच्या जाहिरातीतच मेणबत्त्या आहेत. जिथे दिवे मंद, तिथे ताटात काहीतरी लपवायचं असतं. दुसरीकडे गाणारे बसवलेत. गिऱ्हाइकाला बोलूच द्यायचं नाही, म्हणजे ते तक्रारही करणार नाही. मालक लोकांचा हा डाव मी चांगला ओळखतो. तिसऱ्याचा मेनू अकरा पानांचा. तो मेनू नव्हे, जाहीरनामा. जाहीरनाम्यातलं काही ताटात पडलेलं पाहिलंय कुणी?

चांगलं हॉटेल कसं निवडायचं ते सांगतो. जायचं दुपारी. खिडक्या मोठ्या हव्यात. टेबल गोल हवं, म्हणजे तू, मी, तुझे पूल बांधणारे इंजिनिअर आणि त्यांच्या मातोश्री, सगळ्यांची तोंडं दिसतील. फरशी उघडी आणि छत उंच असेल तर उंबऱ्यावरूनच मागे फीर. तिथे चमचा पडला तरी तोफ उडते. जाड पडदे असलेलं बघ. माझी खुर्ची भिंतीला पाठ करून.

गेल्या वेळी आपण तिघं तशाच मेणबत्तीच्या टेबलावर जेवलो, तेव्हा तू आईस्क्रीम अर्धं टाकून उठलीस, ते का, हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

फोन करू नकोस, पत्रच टाक. फोनवर माणसं उगाच घाई करतात.

तुझा
बाबा

२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

चौथंही नको. रेल्वेपुलाखाली बसून जेवायचं म्हणजे डोक्यावरून गाड्या धडधडणार. "बाबा, तुम्हाला हॉटेल शोधायचंय की कारण?" हा टोमणा पोचला. अगदी आईची जीभ घेतलीस.

पण पत्राच्या शेवटी, जाता जाता कळवावं तसं, पंधरा मार्चला लग्नाची नोंदणी आहे असं लिहिलंस! तारीखसुद्धा ठरली? सभेचा ठरावसुद्धा आधी मांडतात, मग हात वर होतात. बापाला विचारायची एवढी भीती वाटली? पूल बांधणाऱ्या माणसाला दोन्ही काठांचा विचार करावा लागतो, असं मला वाटायचं. एका शब्दानं विचारलं असतं तर मी काय नाही म्हणणार होतो?

बाबा

२ मार्च

माझ्या पोरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू लिहितेस, "मेणबत्तीच्या त्या टेबलावर त्यानं तुम्हाला सरळ विचारलं होतं, 'बाबा, आम्ही लग्न करायचं म्हणतोय, तुमची परवानगी आहे ना?' आणि तुम्ही हसत हसत म्हणालात, 'नको रे बाबा, पहिलंच अजून पचलं नाही.' माझ्या मोडलेल्या संसाराची तुम्ही त्याच्यासमोर चेष्टा केलीत. आणि आता म्हणता, विचारलं नाही?"

भिंगरी, मला वाटलं तो आणखी आईस्क्रीम हवंय का विचारतोय.

वेटर मोठा वाडगा घेऊन त्याच्या खांद्याशीच उभा होता. गाणं चालू होतं. त्या उजेडात त्याचे ओठ दिसत नव्हते, आणि ओठ दिसले नाहीत तर मला काही कळत नाही. मला ऐकू येत नाही. लिहिलं एकदाचं.

उजवा कान सहा वर्षांपूर्वी गेला, डावा त्याच्या मागोमाग निघालाय. पस्तीस वर्षं छापखान्याच्या यंत्रापाशी उभा राहिलो. कामगारांना कानात घालायचे बोळे मिळावेत म्हणून मीच भाषणं ठोकली, मीच संप घडवला, आणि मिळाल्यावर मीच ते घातले नाहीत. म्हणालो, "पुढाऱ्यानंच कान बंद केले तर तुमचं ऐकणार कोण?" काय टाळ्या पडल्या! आजवर केलेल्या भाषणांतलं सगळ्यात मूर्ख वाक्य.

तुझी आई होती तोवर निभावलं. ती टेबलाखालून पाय दाबायची. एकदा म्हणजे हस, दोनदा म्हणजे हो म्हण. ती गेल्यावर मी अखंड बोलायला लागलो, कारण बोलत सुटलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही. हजारो लोकांना "ऐका!" म्हणून दरडावलं मी. तुझ्यासमोर "पुन्हा सांग गं" एवढे तीन शब्द तोंडातून फुटेनात.

एक गोष्ट नीट वाच. तुझा पहिला संसार मला पचला नाही हे खरं आहे. तू तिथे जे सोसलंस ते पचलं नाही. तू तो सोडून आलीस याचा मला अभिमान आहे. तेव्हाच हे बोलायला हवं होतं. जगाला भाषणं दिली आणि घरात हे एक वाक्य राहून गेलं.

आता हॉटेल तूच निवड, मेणबत्तीचंही चालेल. त्याला म्हणावं, मेनूच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं प्रश्न लिहून पुढे सरकव. मी खाली मोठ्या अक्षरात उत्तर लिहीन आणि सही करीन. त्याच्या आईला मात्र आधीच सांगून ठेव. ते सांगायचं बळ मी सगळं या पत्रातच संपवलं.

मी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी निघतो. कानाच्या डॉक्टरची वेळ घेशील का? बरोबर चल. तो काय म्हणतो ते ऐकायला कुणीतरी हवं ना!

तुझा
बहिरा बाबा