पारशिवनीच्या रस्त्यावर गाडी तापली

रविवार, संध्याकाळ

आईला उद्या दवाखान्यात दाखवायचं म्हणून पारशिवनीहून नागपूरला आमच्या घरी आणत होतो आणि अर्ध्या वाटेत गाडी तापली. तापमानाचा काटा लालवर गेला, बोनेटमधून वाफ निघाली. हे शेजारीच बसले होते. लगेच म्हणाले, "केव्हाचा सांगून राहिलो तुले, हा डब्बा विकून टाक. हप्त्यावर नवी घेऊ." आईसमोर म्हणाले, ते जास्त लागलं. आणि काटा कालही थोडा वर होता. मी दुर्लक्ष का केलं?

इंजिन थंड झाल्यावर पाहिलं, तर रेडिएटरचा रबरी पाइप टोकाला चिरला होता. तेवढा भाग कापला, पाइप परत बसवून स्क्रूड्रायव्हरनं त्याची पट्टी आवळली, पाणी भरलं. गाडी सुरू केली. काटा मध्यावरच राहिला, थेट घरापर्यंत.

आईनं मागून विचारलं, "कुठं शिकली वं हे?"

"चुका करून करून," मी म्हटलं.

घरी आल्यावर यांना स्पष्ट सांगितलं, "हप्ते फेडायले मले पुन्हा हिंगण्याच्या कंपनीत रात्रपाळी धरावी लागन. मोठ्या मुश्किलीनं सोडली ती. आता नाही धरत. ही गाडी मी चालवून दाखवते का नाही, पाहा."

 

मग हे म्हणाले, "उद्या नवा पाइप आणतो. बसवताना मले बी दाखव."

दाखवीन. पण स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच हातात देईन, पट्टी त्यांनीच आवळायची.