गच्चीवरचं मशीन आणि तुमचा कुंचा

बाबा, बुधवारा मोहल्ल्यातल्या आपल्या गच्चीवरून ती चिमणी आजही दिसते. सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याची, चिंध्या आणि प्लास्टिक जाळणारी. आज दोरीवरची चादर काढताना बोटं काळी झाली आणि मशीन बसवलं तो हिवाळा आठवला.

त्या हिवाळ्यात तुमचा खोकला थांबत नव्हता. गल्लीनं तक्रार केली, तपासणी मी नुकतीच लागले होते त्या प्रयोगशाळेकडे आली, आणि मीच हट्टानं हवा ओढणारं मशीन आपल्या गच्चीवर बसवलं. आत पांढरा गोल कागद, त्यावर हवेतले कण बसायचे. कणाच्या पोटात काय ते राहू द्या, त्याच्या अंगावर धुरानं काय चिकटवलंय ते आमचं यंत्र ओळखतं, असं मी चहा पिताना समजावलं. तुम्ही मान डोलावलीत. मीही खुळी, तुम्हाला कळलं असं धरून चालले. आठ दिवस रोज सकाळी कागद बदलायला येत होते. शेवटच्या दिवशी जरा लवकर आले, तर तुम्ही मशीनपुढे उकिडवे बसून, झाकण उघडून, कापडाचा लूम झाडायच्या मऊ कुंच्यानं कागदावरची काजळी झटकताय.

"बाबा, हे काय करताय?"

"अरे बेटा, गंदी मशीन दुसऱ्याच्या हाती देतात का? रोज झाडतो मी, तू यायच्या पहिले."

जन्मभर लूम चालवलेला माणूस. पाळी संपली की पुढच्याला लूम साफ करून द्यायचा, हा तुमचा नेम. रोज कागद इतका स्वच्छ का निघायचा, ते तेव्हा कळलं. ऑफिसात सांगितलं असतं तर फेरतपासणी झाली असती. पण घरच्याच गच्चीवर नमुने का, मशीनला कुलूप का नाही, हेही विचारलं असतं. नोकरी नवी होती. कणांवर धुराचं काही सापडलं नाही, असा अहवाल माझ्या सहीनं गेला आणि चिमणी सुटली.

"काय निघालं बेटा? बंद होईल ना?" तुम्ही विचारायचात. "होईल बाबा, वेळ लागतो." दोन हिवाळे खिडकी लावून वाट पाहिलीत. तिसरा तुम्हाला दिसलाच नाही.

आता आई खोकते. नव्यानं तपासणी हवी, तर जुनी खोटी होती हे मला लिहून द्यावं लागेल. अर्ज तीनदा लिहिला, तीनदा फाडला. मी काय करू, बाबा? आई विचारते, रिपोर्ट असा कसा आला गं? मी सांगते, बाबांनी कागद झाडले. मला ते सहीच्या आधीच माहीत होतं, हे सांगत नाही.